उंचावरचे देव आणि आमच्या मावशी

आधीच सांगून टाकते, माझं अक्षर म्हणजे ओल्या अंगणातून कोंबडी चालत गेल्यासारखं आहे, आणि ऱ्हस्वदीर्घाचं तर विचारूच नये. मराठी चौथी झाले आणि लग्न ठरलं. शुद्धलेखन पाचवीत पक्कं करून घेतात म्हणे, ते राहिलं ते राहिलंच. ही वही कुणी वाचावी म्हणून लिहीत नाही. तरी कुणाच्या हाती पडलीच, तर त्याने चुका पोटात घालाव्यात आणि माणूस तेवढा बघावा. कारण ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांच्याइतका देवांचा उपयोग करून घेतलेली बाई साऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात झाली नसेल. दुसरी माणसं देवाला भेटायचं म्हणून डोंगर चढतात. आमच्या मावशींना डोंगर चढायचा असे, म्हणून त्या देवाला भेटत.

मावशी म्हणजे माझ्या सासूबाईंची धाकटी बहीण. त्यांचे यजमान बोटीवर सारंग होते, दोन वर्षांतून एकदा महिनाभर घरी येत. मूलबाळ नाही, तेव्हा मावशी आमच्याच घरी पडवीलगतच्या खोलीत राहत. नवरा पाण्यावर आणि बायको डोंगरावर, अशी थट्टा आळीत चाले. मावशी म्हणत, "वाटणी झालीय आमची. त्यांनी पाणी घेतलं, मी दगड घेतले." आता घरातल्या बाईने उठून "मी जरा फिरून येते" म्हणायची सोय त्या काळी नव्हती, आजही फारशी नाही. पुरुषमाणसं संध्याकाळी मांडवीच्या बंदरावर वारा खायला जात. बाईला वारा लागायचा तो विहिरीवर, हळदीकुंकवाला किंवा देवळात जाता येता. मावशींचे पाय तर सकाळी भाकऱ्या भाजतानाही जागच्या जागी चालत. त्यांनी फार विचार करून ही अडचण सोडवली. त्या नवस बोलू लागल्या.

नवस कशासाठीही चाले. सासूबाईंचा अंगठा ठणकला, बोल नवस. लोणच्याला बुरशी येऊ नये, बोल नवस. मुंबईहून पत्र आलं नाही, बोल नवस. अट एकच, देव उंचावर बसलेला हवा. आळीतल्या देवाला त्या रस्त्यावरूनच हात जोडत, तोही एकच हात, दुसऱ्यात कळशी असे. सासूबाई एकदा म्हणाल्या, की हा देव जवळ आहे, जागृत आहे, ह्याला का गो बोलत नाहीस? तर मावशी गंभीरपणे म्हणाल्या, त्याच्याकडे गर्दी फार, आपलं काम मागे पडतं. उलट किल्ल्यावरच्या भगवतीकडे वर्षातून चार नवस तरी असायचेच, आणि मिऱ्याच्या डोंगरावर, टेंभ्याच्या सड्यावर, आरे-वारेच्या वाटेवर जिथे म्हणून एक शेंदूर लावलेला दगड टेकडीच्या माथ्यावर होता, तिथे तिथे मावशींचं काहीतरी कबूल केलेलं असायचंच. देवांची पारख त्या वाऱ्यावरून करीत. "ह्या देवाला वारा चांगला हो," असं म्हणाल्या की तो देव पावणारा समजायचा.

शेजारच्या काकूंची कोंबडी हरवली तेव्हा मावशींनी तिच्यासाठी मिऱ्यावरच्या देवाला नारळ बोलला. बोलून पदर खोचतात न खोचतात तोच कोंबडी माडाच्या बुंध्यामागून चालत आली. सगळ्यांना आनंद झाला, मावशींना मात्र फार वाईट वाटलं. इतक्या लगेच सापडलेल्या कोंबडीसाठी मिऱ्या चढू देतील का, ही त्यांना शंका. "अर्धा दिवस तरी कळ काढायची होती मेलीनं," असं त्या पुटपुटल्या. पण नारळ बोललेला होता. गेलोच आम्ही.

आम्ही म्हणजे मावशी आणि मी. मी तेरा वर्षांची होऊन ह्या घरात आले. हे मुंबईला एका पेढीवर नोकरीला, आगबोटीने शिमग्याला आणि गणपतीला येणार. मी मुळातच भित्री, त्यात सासरी कुणाशी काय बोलावं ते कळेना, म्हणून बोललेच नाही. हो म्हणायचं तर मान हलवायची, नाही म्हणायचा तर प्रसंगच येत नसे. आठ-पंधरा दिवसांनी आळीत कुजबूज झाली की सून मुकी दिली की काय. मावशींना हे फार पसंत पडलं. बाईने एकटीने डोंगरावर जायचं नाही, सोबत हवी. आणि त्यांची आधीची सोबतीण होती ती घरापासून देवळापर्यंत आणि देवळापासून घरापर्यंत आपल्या सुनेबद्दल बोले. मावशी सांगायच्या, "तीन वर्षं चालले तिच्याबरोबर, पण समुद्र काय दिसला नाही. सून दिसली." तेव्हा न बोलणारी मी त्यांना देवाने धाडल्यासारखी वाटले.

पहिल्या खेपेला त्या मला किल्ल्यावर घेऊन गेल्या. पावसाळा नुकताच सरला होता. जांभ्या दगडाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या पाखाडीवरून चढताना मी लाजून मान खाली घालून चालत होते. मावशी थांबल्या, माझी हनुवटी धरून वर केली आणि म्हणाल्या, "इथं कुणी सासर नाय गो. बघ." मी बघितलं. खाली दोन्ही बाजूंना समुद्र होता. इतकं पाणी एका वेळी मी कधी पाहिलं नव्हतं. विहिरीत डोकावायची सवय. वारा असा आला की डोक्यावरचा पदर गेला आणि तो मी लगेच वर घेतला नाही. त्या दिवसापासून मला महिन्यातले ते दोन-तीन दिवसच आपले वाटू लागले. बाकीचे दिवस घराचे.

वरच बसून मावशींनी मला त्यांचं फडकं दाखवलं. तांबड्या मांजरपाटाचा हातभर तुकडा, कडेने सगळ्या गाठीच गाठी. प्रत्येक गाठीत एका नवसाचं नाणं. लिहिता येत नसल्यामुळे कुठली गाठ कुणाची हे त्या बोटांनी चाचपून ओळखत. मावशींची कीर्ती पसरल्यावर आळीतल्या बायका, मग खालच्या आळीतल्या, मग मांडवीच्या कोळणीसुद्धा आपापले नवस त्यांच्याकडे देऊ लागल्या. कुणाचे गुडघे धरलेले, कुणाला दम, कुणाला नुसता कंटाळा. मावशी सगळ्यांचे पैसे पोचवत. मोबदला काय, तर अर्धं खोबरं आणि पूर्ण डोंगर. त्या फडक्याच्या अगदी कोपऱ्यात एक मोठी गाठ होती. ती माझ्या हाताला लावून मावशी म्हणाल्या, "ही तुझी. मार्लेश्वराला बोललेय. ही पोर ज्या दिवशी घरात चार माणसांत तोंड उघडून आपल्या मनातलं बोलेल, त्या दिवशी तिला पायी वर आणीन आणि सव्वा रुपया ठेवीन."

मार्लेश्वर म्हणजे देवरुखच्या पलीकडे, थेट सह्याद्रीच्या कड्यात. आमच्या जवळपासच्या टेकड्या त्याच्यापुढे म्हणजे तांदळाची रास. मावशींच्या आयुष्यात तेवढाच एक देव राहिला होता. मला वाटलं, आता ह्या मला बोलायला लावणार. पण तसं काही झालं नाही. मी बोलू लागले की सोबत म्हणून बिघडणार, हे त्यांना कळत होतं. आणि बोलले तर मावशी कदाचित दुसरी मुकी शोधतील, ही मला भीती. त्यामुळे आम्ही दोघींनी मिळून तो नवस चौदा वर्षं तसाच ठेवला. मला एक मुलगी झाली, तिला बोलायला शिकवण्यापुरती मी बोलले, पण ते माजघरात.

मावशींच्या चालण्याच्या रीती काय सांगाव्यात. वहाणा त्या नेहमी घेत, पण पायात कधी घालत नसत. भाकरीच्या फडक्यात, चटणीपासून लांब, गुंडाळलेल्या असत. देवळासमोर पोचलं की दगडावर बसून नीट पायात घालायच्या, आणि दोन पावलं चालून काढून ठेवायच्या. "देवासमोर वहाणा काढायला नकोत?" असं मलाच विचारायच्या. आधी घातल्याशिवाय काढणार कशा, हे त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. त्याच वहाणा त्यांना अकरा वर्षं पुरल्या. अंतर सांगायची त्यांची भाषा वेगळी. "हे काय, वळणापलीकडे," एवढंच. आरेच्या बाजूला गेलो तेव्हा मी नऊ वळणं मोजली, मग मोजायचं सोडलं. परतताना माझे पाय मोडून आले तर म्हणाल्या, आता काय, उतारच उतार. आणि हे त्या बोलल्या ते आम्ही दोघी हात टेकत चढत असताना. वर पोचल्यावर आधी देव नाही, आधी सडा, म्हणजे माथ्यावरचं उघडं पठार. मोकळ्या कातळावर मावशी पाठ टेकून सरळ आडव्या होत, तोंडावर पदर घेत आणि "हं" असा एक लांब आवाज काढत. तो ऐकला की मी पण जरा पलीकडे आडवी होत असे. कातळ खालून ऊन, वारा वरून गार. करवंदांच्या दिवसांत हात लांब केला की जाळी. मग उठून भाकरी, लसणीची चटणी, आणि समुद्राकडे बघणं. लांब कुठे धूर दिसला की मावशी बोट दाखवून म्हणत, "ती बघ ह्यांची बोट." दिसणारी प्रत्येक बोट ह्यांचीच. पुढे मावशींचे यजमान, आमचे काका, कायमचे घरी आले, ओटीवर बसून पावटे सोलू लागले. तरी किल्ल्यावर गेलो की मावशी धूर बघून "ह्यांची बोट" म्हणायच्याच. मी कधी दुरुस्त केलं नाही. तेव्हा मी बोलत कुठे होते?

चुकाही व्हायच्या. एकदा खालच्या आळीतल्या मास्तरांचा आणि एका गाडीवानाचा नवस गाठीत अदलाबदल झाला. मास्तरांचा भाचा परीक्षेत पास झालेला, गाडीवानाच्या बैलाचा खूर बरा झालेला. मावशी देवापुढे नाणं ठेवताना सगळा मजकूर मोठ्याने सांगत, देव जरा म्हातारा असावा असा. तर टेंभ्याच्या देवळात त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, की हे मास्तरांचे, खुराला आराम पडला म्हणून. गुरव चमकला. मास्तरांना तो ओळखत होता. आता कसं आहे खुराचं, म्हणून त्याने हळूच विचारलं. घरी आल्यावर घोटाळा लक्षात आला. मावशींनी कपाळाला हात लावला आणि चेहरा पाडून सांगितलं, की आता दोन्ही देवांकडे पुन्हा जाऊन चूक सांगून यायला हवं. चेहरा पाडलेला होता, पण पदर आधीच खोचलेला. ही चूक पुढे वर्षातून दोनदा तरी होऊ लागली, आणि ती बहुतेक करवंदांच्या दिवसांत होई.

हे सगळं असंच चाललं असतं. पण एका उन्हाळ्यात मिऱ्याची पाखाडी उतरताना मावशींचा पाय एका सुटलेल्या चिऱ्यावर पडला आणि घोटा असा मुरगळला की उठता येईना. मी खाली धावत गेले. किनाऱ्यावर जाळी सुकवणाऱ्या दोन कोळ्यांना खुणेनेच बोलावलं. त्यांनी वल्ह्यांना जाळं बांधून झोळी केली आणि मावशींना खांद्यावर घेऊन भर बाजारातून घरी आणलं. मावशी झोळीतून दोन्ही बाजूंच्या दुकानदारांना "काय, बरंय ना?" असं विचारत आल्या. घोटा दुखतच होता, पण इतक्या उंचावरून बाजार त्यांनी कधी पाहिला नव्हता.

थोरल्या भावजींना मात्र हे लागलं. भावजी पोस्टात. माणूस सज्जन, पण जगातलं सगळं काम पोस्टाने होऊ शकतं असं त्यांचं मत होतं. ओटीवर उभं राहून त्यांनी सांगितलं, की आमच्या घरातल्या बायका जाळ्यातून बांगड्यांसारख्या बाजारातून आलेल्या आता खपणार नाहीत. आजपासून डोंगर बंद. नवसाचे जे काय पैसे असतील ते मनीऑर्डरीने जातील. सगळ्या गाठी सोडवल्या गेल्या. कोपऱ्यातली मोठी तेवढी मावशींनी मुठीत धरली. हा नवस अजून पुरा व्हायचाय, म्हणाल्या. मी चुलीपाशी बसून ऐकत होते. लाकूड सारायचंही भान राहिलं नाही. आता पुन्हा तो कातळ नाही, वारा नाही, महिन्यातले ते दोन-तीन दिवस नाहीत, एवढं एकच कळत होतं.

भावजींनी मनीऑर्डरी भरल्या, आणि इथे त्यांचा स्वभाव आडवा आला. गुरवाच्या नावाने पैसे पाठवणं त्यांना पटेना. ज्याचे पैसे त्याचंच नाव हवं, हा नियम. म्हणून 'घेणाराचे नाव' ह्या जागी त्यांनी सुवाच्य अक्षरात देवांची नावं घातली, मुक्काम डोंगरमाथा. तीन आठवड्यांनी सगळ्या मनीऑर्डरी परत आल्या. टपालवाले वर गेले होते, गुरव हात पुढे करून उभे होते, पण घेणाराची सही किंवा अंगठा मिळाल्याशिवाय पैसे देता येत नाहीत. एकाने शेरा मारला होता, 'घेणार जागेवर आहे, सही करीत नाही.' भावजी त्यांच्यावर रागावूही शकेनात, कारण नियमाला धरून एक जण चुकला नव्हता. मावशी खाटेवर घोट्याला आंबेहळदीचा लेप लावून पडल्या होत्या. त्या भिंतीकडे तोंड करून हसत होत्या. खाट हलताना मला दिसत होती.

पण भावजी हार जाणारे नव्हते. जेवायला बसल्यावर त्यांनी जाहीर केलं, की गड्याला पाठवू. दोन दिवसांत सगळे देव उरकून येईल. सासूबाई हो म्हणाल्या. काका पावट्याच्या उसळीकडे बघत राहिले. आतल्या खोलीत मावशींनी डोक्यावरून पांघरूण ओढलेलं मला उघड्या दारातून दिसलं, आणि इतक्या लवकर त्यांनी डोंगर सोडलेला मी कधी पाहिला नव्हता. मी ताकाचं भांडं घेऊन दाराशी उभी होते. भांडं खाली ठेवलं ते आठवतं. पुढचं माझ्या तोंडून कसं आलं ते आजही सांगता येत नाही.

"नवस पायी यायचे बोललेत," मी म्हणाले. "गड्याचे पाय त्यात चालायचे नाहीत. आणि मला डोंगरावर जायला आवडतं. मी जाणार."

भावजींचा घास हातात राहिला. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही पाटावरवंटा बोलला. माझी मुलगी कौतुकाने म्हणाली, की आई मोठ्याने बोलली. कुणी काही म्हणणार तोच आतल्या खोलीतून मावशींचा आवाज आला, अगदी देवळातला.

"झाला गो माझा नवस पुरा. चार माणसांत बोलली. मोजा हवं तर."

मग भावजींचा इलाजच उरला नाही. पुरा झालेला नवस फेडायचा नाही, एवढी जोखीम पोस्टातला माणूससुद्धा घरावर घेत नाही. किल्ला, मिऱ्या, टेंभ्ये असे राहिलेले नवस मी सासूबाईंना सोबत घेऊन फेडून आले. सासूबाई पहिल्याच सड्यावर तोंडावर पदर घेऊन आडव्या झाल्या आणि त्यांनीही "हं" केलं, बहिणीच त्या.

मार्लेश्वराला आम्ही संक्रांतीची जत्रा उलटल्यावर गेलो. देवरुखपर्यंत सर्व्हिस मोटार, पुढे बैलगाडी. मावशींचा घोटा पहिल्यासारखा झालाच नव्हता. डोंगराच्या पायथ्याशी ओढ्यालगत त्या एका दगडावर बसल्या, वर कड्याकडे पाहिलं. आयुष्यभर राखून ठेवलेला डोंगर. मी म्हटलं, हळूहळू जाऊ, मी धरते. त्यांनी नुसती मान हलवून नाही म्हटलं, पूर्वी मी मानेनेच बोलत असे तसं, आणि फडकं माझ्या हातात दिलं.

"तुझे पाय, तुझा नवस. जा. वहाणा माझ्या घेऊन जा, तिथं घाल नि काढ."

मी एकटी चढले. पुढेमागे दोन-चार माणसं होती, पण मी एकटीच होते. दोन्हीकडे काळे कडे आभाळात गेलेले, कुठूनतरी पाणी पडल्याचा आवाज. समुद्र नव्हता, पण समुद्राइतकंच काहीतरी होतं. वर पोचून मी दगडावर बसले, मावशींच्या वहाणा घातल्या, दोन पावलं चालले, काढल्या. गुहेत शिरताना अंधार आणि गारवा. गाठ चौदा वर्षांची, सुटेना. शेवटी दातांनी सोडवली. आत काळा पडलेला रुपया आणि एक पावली. ते ठेवताना मी मोठ्याने सांगितलं, "हे आमच्या मावशींचे. त्यांच्या बहिणीची सून बोलली म्हणून." गुहेत माझा आवाज मलाच परत ऐकू आला. बरा होता.

खाली आले तर मावशी तशाच बसून होत्या. देवाचं काही विचारलं नाही. "वारा कसा होता?" एवढंच म्हणाल्या. मी सांगू लागले. वारा सांगितला, कडे सांगितले, पाण्याचा आवाज, वाटेतली झाडं, उतरणीवर पायाखाली सरकणारे खडे, सगळं सांगितलं. बैलगाडीत सांगत होते, देवरुखला सांगत होते, मोटारीत पुढच्या बाकावरची बाई वळून बघेपर्यंत सांगत होते. मावशींनी तोंडावर पदर घेतला होता. झोप लागली असं वाटून मी थांबले, तर पदराखालून म्हणाल्या, "थांबलीस कशाला? वळणापलीकडे काय होतं ते सांग."

त्यानंतर त्या घराबाहेर अशा पडल्याच नाहीत. दर खेपेला मी जाऊन येई आणि खाटेशी बसून सांगे, आणि त्या एखाद्या वळणावर मला अडवून मागे नेत. गेल्या वर्षी त्या गेल्या. फडकं माझ्याकडे आहे. त्याच्या सगळ्या गाठी आता सुटल्या आहेत, कुणाचा पैसा राहिला नाही, आणि मार्लेश्वराचा सव्वा रुपया तर मी माझ्या हातांनी पुरता फेडला. त्या कोपऱ्याला पडलेला पीळ मात्र किती धुतलं तरी जात नाही. मागच्या आठवड्यात किल्ल्यावर गेले होते. लांब धूर दिसला. बरोबर मुलगी होती, तिला मी बोट करून दाखवली, ती बघ आमच्या काकांची बोट.